ट्रूवेलच्या नावानं

अख्ख्या बारनं तोंड वाकडं केलं आणि दोघंच आनंदानं किंचाळली. एक टेसा डुडेक, आणि दुसरा तिच्या शेजारच्या स्टुलावरचा, निळ्या टोपीतला, अगदी अनोळखी मुलगा.

एप्रिल होता. अमेरिकेतल्या बफेलोत अजून बर्फ भुरभुरत होतं, आणि लोरेनच्या बारमध्ये सगळे ड्राफ्ट बघायला जमले होते. कॉलेजातल्या पोरांमधून आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ कुणाला उचलतो, याची ही धाकधूक! सगळ्यांना हवा होता चेंडू झेलून पळणारा चपळ गडी. आणि टीव्हीवर नाव पुकारलं गेलं जमार ट्रूवेलचं. बचावफळीतला!

"गेलं हे वर्षही पाण्यात!" कुणीतरी ओरडलं.

टेसानं मात्र शेजारच्याला मिठीच मारली. भानावर आली, तेव्हा तिच्या हातातल्या चिकन विंग्जची तिखट चटणी त्याच्या जॅकेटभर झाली होती.

"अगं बाई! सॉरी हं..."

"असू दे. ट्रूवेलवरून जॅकेट ओवाळून टाकलं," तो हसला. "मी ग्रॅडी. तू त्याला खेळताना पाहिलंयस?"

"पाहिलंयस काय विचारतोस? समोरच्या धिप्पाड गड्याला तो पडद्यासारखा बाजूला सारतो! आणि पाडलेल्याला हात देऊन उठवतोसुद्धा."

"उठवताना काहीतरी बोलतो. काय, कोण जाणे..."

"'लागलं नाही ना?' म्हणतो. मी ओठ वाचलेत त्याचे."

ग्रॅडी तिच्याकडे बघतच राहिला. टेसाचे गाल तापले; तिनं दोष चटणीला दिला.

उन्हाळाभर तिला ती मिठी आठवत राहिली. सप्टेंबरात पहिला सामना आला. बघते तर शेजारच्या स्टुलावर तोच! आणि ट्रूवेलनं त्या दिवशी समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला दोनदा लोळवलं. एप्रिलमध्ये नाकं मुरडणारी मंडळी आता "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणत टेबलांवर नाचायला लागली. काय एकेक माणसं!

लोरेन सत्तरीची, पण आवाज खणखणीत. तिनं फर्मान काढलं, "तुम्ही दोघं दर रविवारी इथंच बसायचं. शकुन आहे. हललात तर याद राखा!"

मग काय, दर रविवारी खांद्याला खांदा. ट्रूवेल झेपावला की ग्रॅडीचा हात टेसाचा हात घट्ट धरायचा... आणि लगेच, चटका बसल्यासारखा, मागे जायचा. सोमवार उजाडला की टेसा रविवारची वाट बघायला लागे. पण मन खात होतं — हा येतो तो माझ्यासाठी, की शकुनासाठी? विचारावं, आणि 'शकुनासाठी' म्हणाला तर? मग रविवारही गेला!

ऑक्टोबरात संघाच्या सुट्टीचा रविवार जवळ आला.

"पुढच्या रविवारी सामना नाही," ग्रॅडी निघताना म्हणाला.

"हो ना..."

"मग... त्याच्या पुढच्या."

"हं."

घरी जाताना टेसानं स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

तरी त्या रविवारी ती बारमध्ये गेलीच. सूप न्यायचं होतं म्हणे! बार जवळजवळ रिकामा. आणि त्याच्या स्टुलावर ग्रॅडी — इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस.

"आज सामना नाही," ती म्हणाली.

"माहितेय."

"ट्रूवेल आईकडे गेलाय."

"जाऊ दे की बिचाऱ्याला."

"मग तू कशाला आलास?"

ग्रॅडीनं कप उगाच फिरवला. "इतके रविवार त्याच्या नावानं तुझ्याशेजारी बसलो, टेसा. आज म्हटलं... माझ्या नावानं बसून बघावं. तू येतेस का ते."

"उघडल्यापासून बसलाय!" लोरेन आतून ओरडली. "कॉफी पिऊन पिऊन रया गेली त्याची. बोल बाई काहीतरी!"

टेसा आपल्या स्टुलावर बसली. तिला हसू आलं.

"मला तू आवडतोस, ग्रॅडी. खूप. ट्रूवेलपेक्षा जास्त."

त्याचा विश्वासच बसेना. "ट्रूवेलपेक्षा?"

"हो," ती म्हणाली. "पण बारमध्ये कुणाला सांगू नकोस."