धाकट्या खडपावरची हाक

त्या दिवशी सकाळी मी सहा थालीपिठं लावली, दह्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि ह्यांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली. दोन वर्षं बटणं मीच लावत होते. ते समोर लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे राहत.

ह्यांना सगळ्याचा विसर पडत चालला होता. आधी चाव्या कुठे ठेवल्या ते, मग वाडीतल्या गड्यांची नावं, मग आमची मुलगी गौरी. गेल्या दिवाळीत मी डोक्याला तेल लावत होते, तर मान वळवून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "इथलीच." आणि तेल लावत राहिले. तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. आत काहीतरी बधिर झालं होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं.

गौरी पनवेलला असते. तिथे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था तिने पाहून ठेवली होती. महिनाअखेर कळवायचं होतं. मी तयार नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "आई, बाबांना एकदा खडपांवर घेऊन जा. डॉक्टर म्हणतात, जुनी जागा पाहून कधीकधी आठवतं. पण काही फरक पडला नाही, तर मग माझं ऐकशील ना?"

मी हो म्हटलं.

थोरलं खडप आणि धाकटं खडप अशी दोन बेटं आहेत, हरिहरेश्वराच्या अलीकडच्या जेटीवरून होडीने तासभर. वस्ती नाही, गोडं पाणी नाही. हे शाळेत मास्तर होते. तरुणपणी पुण्याहून काही मंडळी तिथे खोदकाम करायला आली होती, तेव्हा हे पंधरा दिवस त्यांच्याबरोबर राहिले. पुढे तीस वर्षं प्रत्येक वर्गाला त्यांनी ती हकिगत सांगितली. आता देवव्रत नावाचा मुलगा तिथे पर्यटकांना घेऊन जातो. शिकलेला आहे, नीट माहिती सांगतो. गौरीने त्याच्याकडेच आमची नावं दिली होती.

होडीत आम्ही सहाजण होतो. आम्ही दोघं, देवव्रत, होडीवाला सदा, आणि नवी मुंबईचं एक नवं जोडपं, निकेत आणि अमिषा. जानेवारी होता. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत आणि वारा अजिबात नाही. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. बाहेर पडलं की ते हात सोडत नसत.

थोरल्या खडपावर देवव्रतने शिंपल्यांचा एक मोठा ढीग दाखवला. वरून गवत, आत थरावर थर शिंपलेच. "हजारो वर्षांपूर्वी माणसं इथे येऊन जेवायची," तो म्हणाला. गारगोटीची हत्यारंही त्याने दाखवली, नखाएवढी. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते लांब समुद्राकडे बघत होते.

"आठवतंय का काही?" मी हळूच विचारलं.

"घरी जायचंय," ते म्हणाले.

थालीपिठं खाऊन झाली. ओहोटी लागली तशी दोन बेटांमधली खडकाळ वाट उघडी पडली. तास-दीड तास ती उघडी असते, तेवढ्यात धाकट्यावर जाऊन परत यायचं. वाटेच्या तोंडाशी सदाने सगळ्यांना थांबवलं. सदा कोळी, साठीचा, कमी बोलणारा.

"तिकडं कुनाला हाक मारायची तर नाव घेऊन मारायची," तो म्हणाला. "नुस्तं ए, अगं, अवो... असलं न्हाय चालत."

"का हो, दंड आहे का?" निकेतने विचारलं.

"बापानं सांगितलंय म्हनून. बिननावाची हाक कुनालाबी लागते."

अमिषा हसली. "मग आम्ही सेफ. मी तर ह्याला निक्या म्हणते. काकू, तुम्ही काकांना काय म्हणता?"

"अहो म्हणते. लग्नाला चौतीस वर्षं झाली."

"म्हणजे चौतीस वर्षांत एकदाही नाव नाही?"

"उखाण्यात घेतलं होतं. लग्नात."

"मग आता घ्या की. प्रॅक्टिस."

मी पदर सावरला. सगळे हसले, सदा सोडून.

धाकटं खडप म्हणजे शाळेच्या मैदानाएवढं. मधोमध उभ्या दगडांचं रिंगण आहे, एकेक दगड पुरुषभर उंच, काळा, वरून निमुळता. कुणी रोवले, कशासाठी, माहीत नाही. "खाली हाडं सापडली नाहीत," देवव्रत सांगत होता, "त्यामुळे थडगी म्हणता येत नाहीत." आत घोटाभर पाणी साचलेलं. ओल्या शेवाळाचा आणि आणखी कशाचा तरी वास होता, बंद पेटी उघडल्यावर येतो तसा. थोरल्यावर पक्षी खूप होते. इथे एकही नव्हता.

शेवाळावरून अमिषाचा पाय घसरला. मी ह्यांचा हात सोडून तिला धरलं. उभी केली, तिची साडी झटकली. तेवढंच.

वळले तर हे नव्हते.

पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. इथेच असतील. मी दगडांच्या मागे पाहिलं, एकेक करून, पूर्ण रिंगण. मग कडेला जाऊन पाहिलं. निकेतही धावला. बेटाच्या चारी बाजूंना उघडा खडक होता आणि त्यापुढे पाणी. लपायला जागाच नव्हती.

"विश्वंभरकाका!" देवव्रत ओरडला. "विश्वंभरकाका!"

आवाज दगडांत गेला आणि तिथेच राहिला. परत आला नाही.

मागे वाटेवर पाणी चढायला लागलं होतं. देवव्रतने त्या दोघांना पुढे काढलं आणि दोर घेऊन तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. सदा माझ्याजवळ आला.

"परक्याच्या तोंडचं नाव त्यांना आता कळत नसंल," तो म्हणाला. "तुमचा आवाज कळंल. तुम्ही हाक मारा, वयनी. नाव घेऊन."

मी तोंड उघडलं. नाव मला माहीत होतं. लग्नपत्रिकेवरचं, रेशनकार्डावरचं, ह्यांच्या शाळेतल्या खुर्चीमागे पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. पण ते जिभेवर येईना. चौतीस वर्षं जे तोंड त्या शब्दापाशी आलं की वळायचं, ते त्या दिवशीही वळलं.

"घ्या, वयनी... पानी वाढतंय..."

"अहो..." मी म्हटलं.

सदाने माझा दंड धरला. पण मी पुन्हा म्हणाले होते. "अहो, या ना... किती वेळ..."

"आलो."

उत्तर लगेच आलं, आणि फार जवळून. हाताच्या अंतरावरच्या दगडामागून. तो दगड मी दोनदा पाहिला होता.

ते बाहेर आले. तेच कपडे, तोच सदरा, तोच चष्मा. सावकाश, ताठ चालत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते, सदाचेही. त्यांचे पाय कोरडे होते.

"अनू, चल," ते म्हणाले. "पाणी चढतंय."

अनू. दोन वर्षांनी. मी आनंदाने रडायला हवं होतं. मी नुसती उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला. हे माझा हात धरायचे तेव्हा बोटांना लटकायचे, पडायची भीती वाटल्यासारखे. आता माझा हात कुणीतरी मुठीत घेतला होता आणि मला चालवत होतं.

होडीत चढताना सदाने सगळ्यांना हात दिला. त्यांना दिला नाही. ते स्वतःच चढले.

होडी निघाली तेव्हा मागून मला बारीक खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी मान वळवली.

"वारा आहे," ते म्हणाले.

वारा नव्हता. मी मान पुन्हा पुढे केली.

घरी आल्यावर त्यांनी गौरीला फोन लावला. नंबर तोंडपाठ होता. तिच्या पहिलीतल्या बाईंचं नाव सांगितलं, तिला लहानपणी गोम चावली होती ते सांगितलं. ती पलीकडे हुंदके देत होती. दुसऱ्या दिवशी तिने संस्थेला नको म्हणून कळवलं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि म्हणाले, असं मी पाहिलेलं नाही, पण देवाची कृपा समजा.

आता सदऱ्याची बटणं ते स्वतः लावतात. वाडीत पोफळींना पाणी सोडतात. माझ्याशी प्रेमाने बोलतात. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. मी म्हणते, हो. पहाटे जाग येते तेव्हा ते डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत असतात. मी कूस बदलते. विचारावंसं वाटत नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी सदा आला. आत ये म्हटलं तर येईना. ते ओटीवर पेपर वाचत बसले होते. सदाने तिकडे पाहिलं नाही. मला अंगणाच्या दगडी गडग्यापाशी बोलावून त्याने कमरेची गाठ सोडली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं.

चष्मा होता. डाव्या काडीला निळा दोरा. पावसाळ्यात ती काडी मोडली तेव्हा मीच तो गुंडाळला होता, शिवणाच्या डब्यातला.

"सकाळी धाकट्यावर गावला," सदा म्हणाला. "रिंगनातल्या दगडावर ठेवलेला. आम्ही चौघांनी समदं बेट बघितलं, वयनी. मानूस न्हाय."

मी ओटीकडे पाहिलं. त्यांच्या नाकावर चष्मा होता. डाव्या काडीला निळा दोरा.

"परवा मोठी ओहोटी हाय," सदाचा आवाज अगदी खाली आला. "मी होडी काढतो. तुम्ही नुस्तं यायचं... एकदाच नाव घ्यायचं..."

ओटीवर पेपरचं पान उलटत होतं, ते मधेच थांबलं.

मी सदाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते.

"नको, सदा," मी म्हटलं. "गौरीने आता सगळीकडे कळवलंय."

त्याने रिकामा रुमाल कमरेला खोचला. मग नमस्कार न करताच गेला.

मी चष्मा हातात घेऊन गडग्यापाशीच थांबले. बावीस दिवस खाऱ्या हवेत पडलेला चष्मा. बिजागऱ्या गंजल्या होत्या, दोरा विटून पांढुरका झाला होता. काचा मात्र लख्ख होत्या. आणि एका काचेवर वाफ धरली होती, पुसण्याआधी माणूस तोंडाजवळ धरून फुंकतो तशी. ती अजून विरली नव्हती.