आयनारची मोजणी

धुक्यातून मोजणी ऐकू आली तर ओ द्यायची नाही. का, ते विचारायचं नाही.

दीसाला हा नियम सहाव्या वर्षी मिळाला, दात घासण्याच्या आणि चर्चमध्ये चुळबुळ न करण्याच्या नियमांबरोबरच. बाकीचे तिने एकेक करून मोडले. हा मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत टिकला, कारण मोजणी तिने खरोखरच ऐकली होती. मॅनिटोबातल्या गिमली या कोळ्यांच्या गावी, सरोवराच्या धक्क्यावर, पानगळीच्या दिवसांत, सरोवर पांढरं होऊन गेलं की कुठूनतरी एका पुरुषाचा आवाज यायचा. एक… दोन… तीन… अकरापर्यंत अगदी बिनचूक. मग विचारल्यासारखं, "बारा?" मग बराच वेळ शांतता, आणि पुन्हा, "बारा?"

अशा वेळी धक्क्यावरचे जुने कोळी जाळी तशीच टाकून घरी जात.

त्या जूनमध्ये मात्र गिमली शेकडो मैल मागे राहिली होती. छोटं विमान दीसा, तिची आजी आणि काका अशा तिघांना उत्तरेकडच्या एका तळ्यावर उतरवून गेलं. युद्धात पडलेल्या आपल्या माणसांची नावं मॅनिटोबा सरकार इकडच्या बिननावाच्या तळ्यांना देतं. हे तळं आता लेफ्टनंट आयनार एयोल्फसनचं होतं. आयनार म्हणजे दीसाचा थोरला काका. चव्वेचाळीस साली इटलीत मारला गेला, ती जन्मायच्या कितीतरी आधी. काठच्या खडकावर पितळी पाटी बसवायची, कॉफी प्यायची आणि तीन वाजता विमान आलं की निघायचं, एवढंच काम होतं.

"पाटी सरळ लावा हं," जाताना वैमानिक ओरडला होता. "इथली अस्वलं फार चिकित्सक आहेत."

"तू विमान उतरवलंस त्यापेक्षा सरळच लागेल," अम्मा म्हणाली होती.

अम्मा म्हणजे दीसाची आजी, आयनारची आई. वय एक्याऐंशी, पण जिभेला अजून गंज चढला नव्हता. ती खोक्यावर बसली, साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून कॉफीचे घोट घेऊ लागली आणि दरवर्षी सांगायची तेच, त्याच शब्दांत सांगू लागली. आयनार चार वर्षांचा असताना बापाच्या होडीतले मासे मोजायचा. सोळाव्या वर्षी हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर मासे धरणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. बर्फावरून परतलं की खांद्यावर थाप मारून एकेक माणूस मोजायचा, थाप बसली की माणसानं "आहे" म्हणायचं, आणि मोजणी पुरी होईपर्यंत कुणी कॉफीला हात लावायचा नाही. फौजेत गेला तरी त्याने ही सवय सोडली नाही. डिसेंबरात नदीपलीकडून सगळी तुकडी जिवंत आणली म्हणून त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. मे महिन्यात आपल्या माणसांच्या पुढे चालत असताना तो पडला.

"पुढे नाही," दीसा म्हणाली. "मागे."

छिन्नीवरचा हातोडा थांबला. स्काप्ती काका, आयनारचा धाकटा भाऊ, खडकाला भोक पाडत होता. त्याने मान वर केली नाही.

"काय म्हणालीस?" अम्माने विचारलं.

"पाटीवर लिहिलंय, 'माणसांच्या पुढे चालताना.' खोटं आहे ते. कॉलेजच्या लायब्ररीत त्या तुकडीची रोजनिशी आहे, मी वाचली. 'गस्त परतली, अकरा हजर. लेफ्टनंट बाराव्याला शोधायला एकटे मागे गेले. बारावा पहाटे आपण होऊन आला.' नाव नाही लिहिलेलं."

"कॉलेजात पाठवलं ते मास्तरीण व्हायला," अम्मा म्हणाली. "पोलीस व्हायला नाही."

"अम्मा, कोण होता तो बारावा?"

"कॉफी घे. गार होतेय."

कॉफी खरंच गार झाली होती. दीसाने वर पाहिलं तर ऊन नव्हतं. तळ्याचा पलीकडचा काठ नव्हता. भर दुपारी पाण्यावरून धुकं सरकत येत होतं, आणि त्याला ओल्या लोकरीचा वास होता. मग पाण्याच्या बाजूने, सावकाश, आवाज आला.

एक… दोन…

अम्माच्या हातातून कप निसटला. "इथे…? इथे कसा…?"

दीसाचं डोकं मात्र चालू राहिलं. गिमलीत मोजणी ऐकू यायची तेव्हा काका नेहमी धक्क्यावर असायचा. तो विनिपेगच्या इस्पितळात पडून होता, त्या वर्षी धुकं पडलं पण आवाज एकदाही आला नाही. मोजणीला ना सरोवर हवं होतं, ना गिमली.

…दहा… अकरा.

"बारा?"

काकाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पन्नाशी उलटलेला थोराड माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"काका," दीसा हळूच म्हणाली, "तू त्याच्याच तुकडीत होतास ना रे?"

"गप्प बस, दीसा," अम्मा म्हणाली.

काकाने हात खाली घेतले. "मी… वीस पावलांवर होतो. ओढ्याच्या कपारीत. तो माझ्या डोक्यावरून हाका मारत गेला. बारा… बारा… मला वाटलं, तोंड उघडलं तर जर्मन ऐकतील."

"मग?"

"मग त्याचा आवाज ऐकला त्यांनी."

"बारा?" आवाज आता जवळून आला. गुडघाभर पाण्यातून कुणी चालत यावं, तसं पाणी हललं.

अम्मा उठून काकापुढे उभी राहिली, लहानशी, ताठ. "एक पोर त्या मोजणीनं नेलं. दुसरं मी द्यायची नाही. नियम माझा आहे. मीच केलाय."

"अम्मा, तो न्यायला येत नाहीये गं," दीसा म्हणाली. "शोधतोय तो. तेहतीस वर्षं. आणि हा तेहतीस वर्षं त्याच कपारीत बसलाय. बघ ना त्याच्याकडे!" ती पाण्याकडे वळली आणि त्या मोजणीला पहिल्यांदाच ओ देत छाती भरून ओरडली, "आयनार काका! स्काप्ती इथे आहे! बारावा इथे आहे!"

पाणी हलायचं थांबलं.

काका आईला बाजूला करून पुढे आला. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा फुटला. "आहे," तो म्हणाला. "आयनार… मी आहे."

त्याच्या रबरी कोटाच्या खांद्यावर थाप बसली. आवाज तिघांनी ऐकला. काका वाकला, मग हमसून हमसून रडू लागला. अम्माने त्याचं डोकं पोटाशी धरलं. धुकं विरळ होऊ लागलं तशी अम्माने नाक पुसलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"झालं. मिटलं. पाटी आहे तशी लावा. गिमलीत यातला एक शब्द कुणाला कळता कामा नये."

"नाही, अम्मा." दीसाने पाटी उचलून काखेत मारली. "ही पाटी लागणार नाही. तो मागे का गेला, ते मी सगळ्यांना सांगणार. काकाच्या तोंडून वदवणार. तुझा नियम संपला."

तिला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण अम्माने काकाला जवळ ओढलं. काकाचं रडणंही मधेच थांबलं. ती दोघं तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्यावरून, मागे, कुठेतरी बघत होती.

आणि दीसाच्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "तेरा?"

मग ते उत्तरासाठी थांबलं.