गच्चीवरलं काळं फूल

बसा ताई, पायऱ्या चढायची घाई करू नका. फूल कुठं पळून जात न्हाई. नर्सरीवाल्यानं सांगितलं म्हणून सदाशिव पेठेतनं एवढ्या उन्हाचं धायरीपर्यंत स्कूटर मारत आलात, आधी पाणी प्या. मग मी सांगतो ते ऐका, आन् वर जायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हिंदुराव. जल्मभर मार्केट यार्डात भाजीचा टेंपो चालवला. फुलाबिलातलं मला काय कळत न्हाई.

आमची एकुलती पोरगी वैष्णवी टूर कंपनीत होती. लोकांना घेऊन काश्मीरला जायची. दिवाळी झाल्यावर तिनं तिकडनं कुरियर पाठवलं. फोडलं तर आत लसणाएवढे बारके कांदे, वरनं जाळीदार साल. मी तर चटणीला सोलायलाच बसलो. तेवढ्यात तिचा फोन.

"आबा, ते खायचं न्हाई. आयरिस हाय, बुटक्या जातीचं. काळं फूल येतं. त्याला थंडी लागते, फ्रिजात ठेवा. मी आले की लावू."

तिची आई सोजर म्हणाली, "इथं माणसाला कूलर न्हाई, आन् कांद्याला फ्रिज." पण ठेवले तिनं. मेथीच्या जुडीशेजारी.

माघात तिकडं रस्त्यावर तिच्या गाडीवर बर्फाचा कडा घसरला. गाडीतली बाकीची सापडली, वैष्णवी न्हाई. मी तिथं जाऊन उभा राहिलो. नुसतं पांढरं. कुणीकडं तोंड करून हाक मारायची तेच कळंना.

परत आलो तर सोजरनं कांदे कुंडीत लावलेले. नर्सरीवाला बघून म्हणाला, "मावशी, पुण्याच्या उन्हात हे कुजणार." तिनं काय केलं, मासेवाल्याकडनं थर्माकोलचा खोका आणला, गच्चीवर त्यात कुंडी ठेवली, आन् मला रोज रसवंतीवरनं बर्फ आणायला लावलं.

मी एकदा विचारलं, "न्हाईच उगवलं तर?"

"ती म्हणली होती, मी आले की लावू. आपण लावलंय. आता तिनं यायचं."

मी बर्फ आणत राहिलो.

चैत्रात गच्चीवर पाय ठरंना. टाकीचं पाणी आंघोळीला तापवावं लागंना. आन् खोक्यातला बर्फ टिकायला लागला. सकाळी ठेवलेला सांजेला तसाच. मला वाटलं, खोका चांगला असंल. मग एक दिवस रसवंती बंद होती. मी रिकाम्या हातानं वर गेलो. खोका बर्फानं भरलेला.

तो माझा बर्फ न्हवता ताई. आमच्या रसवंतीवाल्याचा बर्फ लादी फोडलेला, काचेसारखा. हा भुसभुशीत, पांढरा. तसला मी जल्मात एकाच जागी बघितलाय.

सोजरचा भाऊ संतोष आला. म्हणाला, "दाजी, पोरीला गती मिळाली पाहिजे. आक्का बघा कशी वाळत चाललीय." अंग सापडलं नसंल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आमच्यात तशी रीत हाय. नदीवर करायचं ठरलं. सोजर आली न्हाई. "तिकडं ती गारठून गेली. आता तुम्ही आग लावा," एवढंच म्हणाली.

पुतळा पेटला न्हाई. गुरुजींनी तूप ओतलं, कापूर लावला. संतोष म्हणाला, "पानं ओली दिलीत राव कुणीतरी." पानं खडखडीत वाळलेली होती, पुतळा मीच बांधला होता. त्याच्या खालनं पाणी ओघळत होतं. गुरुजींनी हात धुतले आन् म्हणाले, "आज राहू द्या."

घरी येऊन बघतो तर फूल उमललेलं. मातीपासनं चार बोटं वर, दांडा जवळजवळ न्हाईच. वांग्याच्या सालीपेक्षा काळं, मधी पिवळी रेघ. आत गाडलेल्या कुणीतरी तोंड वर काढावं तसं दिसत होतं.

तवापासनं सोजर खाली उतरली न्हाई. ताट वर नेतो, तसंच परत येतं. हात धरला तर माझीच बोटं बधिर झाली. डॉक्टर वर जाऊन आले, म्हणाले ऊन बाधलंय. म्हणताना स्वतः तळहात चोळत होते.

"सोजर, खाली चल," मी म्हणलं. "दोन घास खा. अशानं तू पण जाशील."

"हिला एकटीला टाकून?" ती म्हणाली.

काल वर गेलो तवा ऊन डोक्यावर होतं. सोजर कुंडीला टेकून बसलेली. काहीतरी हळू हळू बोलत होती. आन् थंडीत निघते तशी तिच्या तोंडातनं वाफ निघत होती. वैशाखात.

मी दारातच थांबलो.

ती बोलायची थांबली. वाफ विरली.

मग खाली, मातीलगत, फुलापाशी, बारीक वाफ उठली. जरा थांबली. परत उठली.

सोजर ऐकत होती. ऐकता ऐकता हसली. पोरगी गेल्यापासनं मी तिला हसताना बघितलं न्हवतं.

मी तसाच पायऱ्या उतरलो. हाक मारायची होती. कुणाच्या नावानं मारायची, तेच समजंना.

आता ताई, तुम्ही वर जाणारच, दिसतंय मला. जा. फोटो काढा. तेवढं माझं एक काम करा. माझं ती ऐकत न्हाई, पाहुण्याच्या शब्दाला मान देईल. तिला म्हणा, जेवायला खाली चला. एकटी उठत नसंल तर ओढाताण करू नका. मी तीन ताटं वाढलीत, एकातला भात गार करून ठेवलाय. दोघींना या म्हणा.