नसण्याचा पुरावा

प्रताप नगरच्या वाचनालयात त्या दिवशी व्याख्यान होतं, ‘प्राचीन दर्शनं आणि आधुनिक विज्ञान’. कणादांनी परमाणू सांगितला तेव्हाच सगळं विज्ञान आपल्या घरी आलं, असं वक्ते ठणकावून सांगत होते. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या रुचिकाला राहवेना. तिनं उभं राहून विचारलं, मग प्रयोग कुठं आहे? सगळे वळून तिच्याकडे रागानं बघू लागले. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा मात्र गालात हसला... आणि तिचं पुढचं वाक्यच हरवलं.

तो चेतन. इतवारीत भांड्यांचं दुकान, आणि गल्ल्यावर बसून न्यायशास्त्र, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, वाचायचा नाद. बाहेर चहा पिताना तो म्हणाला, जुन्या लोकांच्या उत्तरांपेक्षा त्यांचे प्रश्न घ्यावेत. एखादी गोष्ट दिसली नाही, तर ती नाहीच असं केव्हा म्हणायचं? भर उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही. रुचिका हरखलीच. प्रयोगशाळेत तरी दुसरं काय करतात? यंत्रात काही उमटलं नाही, तर आधी यंत्राची कुवत तपासतात.

मग काय, दर रविवारी सक्करदऱ्याचा तलाव, भुईमुगाच्या शेंगा, आणि वाद संपू नये म्हणून उगाच लांबवलेली वाट. रुचिका आकंठ प्रेमात पडली होती. पण मुलीनं आधी बोलायचं नसतं, हे खूळ एवढं शिकूनही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं, त्याला कोण काय करणार!

अमरावतीचं स्थळ आलं. ते तिनं चेतनला हसत हसत सांगितलं, आणि डोळ्यांत तेल घालून त्याचा चेहरा पाहिला. त्यानं एवढंच विचारलं, मुलगा चांगला आहे ना? बस्स. तिला वाटलं, आपण भर उजेडात पाहिलंय. घरी जाऊन तिनं होकार दिला.

साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या गेल्या. आंदणाची भांडी घ्यायला तिची आई, इंदुताई, तिला घेऊन नेमकी चेतनच्याच दुकानात शिरली. आंदणाच्या भांड्यांवर नवरा-नवरीची नावं घालायची रीत. आई आत ताटं निवडायला गेली. चेतननं घंगाळ पुढ्यात ओढलं, नावं कोरायचं मशीन हातात घेतलं, पण सुरू केलं नाही.

“नाव काय टाकू?”

“रुचिका. अन् पुढं... पियूष.”

“तू हसून राहिली होती वं त्या दिवशी,” तो मान खाली घालून म्हणाला. “मले वाटलं, तुझ्या मनात काहीच नाही.”

“अन् तू बोलला काहून नाही गा?”

“तुझं तोंडच पाहत बसलो... जीव होता वं माझा तुझ्यावर. अजूनबी आहे.”

नाव टाकू नको, एवढं ती म्हणेल म्हणून तो थांबला. जाऊ नको, एवढं त्यानं म्हणावं म्हणून ती वाट पाहत राहिली. इतकं झालं तरी दोघांना शहाणपण आलं नाही, आणि तेवढ्यात आई ताटं घेऊन बाहेर आली.

मशीन घरघरू लागलं. त्यानं आधी पियूषचं नाव घातलं, ते सरळ उठलं. रुचिकाच्या नावाची अक्षरं मात्र पार वाकडी गेली. आईनं नाक मुरडलं, दुसरं घंगाळ मागून घेतलं, आणि वाकड्या नावाचं ते दुकानातच राहिलं.