सहा नंबरची वायर

बस इथे, दिव्याजवळ. सांगतो. फक्त मधे मधे 'असं कसं होईल' म्हणू नकोस. त्या दिवशी सव्वातीन वाजेपर्यंत मीही तेच म्हणत होतो.

काम साधं होतं. घरातल्या विजेवर नजर ठेवणारं यंत्र आम्ही बसवतो, मी आणि माझा मामा. डब्यात सहा चिमटे येतात. मेन बोर्डातून प्रत्येक खोलीकडे जी वायर जाते, तिला एकेक चिमटा अडकवायचा. वायर कापायची नाही, सोलायची नाही. आत किती वीज चाललीय ते चिमट्याला बाहेरूनच कळतं आणि मोबाईलवर आकडा येतो. चिमट्यावर एक बाण असतो, त्याचं तोंड खोलीकडे पाहिजे. चिमटा उलटा लागला तर आकडा उणे दिसतो, म्हणजे वीज खोलीतून बोर्डाकडे येतेय असा.

आकडा उणे दिसला तर आमच्या मामाची एक युक्ती आहे. बोर्ड पुन्हा उघडायचंच नाही. मोबाईलमध्ये 'उलटा' असं लिहिलेला एक चौकोन असतो, त्यात टिक मारायची. उण्याचं अधिक होतं, गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे. मोठ्या माणसांची सगळी विद्या अशीच असते. चूक दुरुस्त करायची नाही, दिसू द्यायची नाही.

त्या घरचा म्हातारा रिटायर्ड हेडमास्तर. सगळी गल्ली त्याला हेडसर म्हणायची. यंत्र बसवायला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न, "शिक्षण?"

"इंजिनिअरिंग. दुसऱ्या वर्षाला सोडलं."

"वाटलंच," तो म्हणाला.

त्याला यंत्र कशाला पाहिजे होतं, तेही त्याने लपवलं नाही. "घरात कोण किती वाजता काय चालू करतं, हे मला खुर्चीत बसून कळलं पाहिजे." घरात माणसं तीन. तो, त्याचा मुलगा आणि सून. मुलगा सकाळी कामावर जायचा. म्हणजे 'कोण' हा शब्द नुसता शोभेला होता.

पाच चिमटे सरळ लागले. सहाव्या वायरवर आकडा आला उणे हजार. मी घड्याळ बघितलं नाही, वायर कुठे जाते तेही बघितलं नाही. टिक मारली आणि निघालो.

आठवड्याने सुनेचा फोन आला. आवाज एकदम खाली. "दादा, तुमचं यंत्र खोटं बोलतंय. आज येऊन बघता का? आजच... तीनच्या आत."

गेलो. वहिनींनी दार उघडलं ते डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं लाकडाच्या पट्टीला बांधलेली, उरलेली तीन वांग्यासारखी सुजलेली.

"काय झालं?"

"सहा नंबर," त्या म्हणाल्या.

बोर्ड मधल्या पॅसेजमध्ये होता. दोन्ही बाजूंना दारं, खिडकी एकही नाही. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागायचा. मी स्टुलावर चढलो आणि वहिनी खालून कुजबुजत सांगत राहिल्या. रोज सव्वातीनला सहा नंबरवर हजार वॅट दिसतात. चार मिनिटं. मग शून्य. हेडसर पस्तीस वर्षं सायन्स शिकवलेला माणूस. त्याने निकाल देऊन टाकला होता: हजार वॅट म्हणजे इस्त्री. मी झोपलो की ही बया चोरून इस्त्री फिरवते.

"मग फिरवा की. इस्त्रीच आहे, बाँब नाही."

"या घरात इस्त्री नाही दादा. सासूबाई गेल्या त्याच दिवशी सासऱ्यांनी ती फेकून दिली. नाव काढलेलं चालत नाही. रोज विचारतात, कुठे लपवलीयस? नाही म्हटलं की हात पुढे. लाकडी फूटपट्टी आहे त्यांची, शाळेतली. आडवी नाही मारत... धारेने मारतात."

"आणि तुमचे मिस्टर?"

त्यांनी बांधलेला हात पदरात घेतला. "परवा मी हात मागे घेत होते ना... तर यांनीच मनगट धरून ठेवलं. म्हणाले, बाबांना लवकर आटपू दे."

खरं सांगतो, राग म्हाताऱ्याचा होता तेवढाच स्वतःचा होता. मी न बघता मारलेल्या एका टिकेपायी बाईची बोटं मोडली होती. आज सव्वातीनच्या आत चूक सापडली नाही तर तिसरं मोडणार होतं. बोर्ड उघडायला सुरुवात केली तेव्हा अडीच वाजले होते.

सहा नंबरची वायर हातात घेतली आणि थांबलो. ती कशालाच जोडलेली नव्हती. टोक कापून, वर काळी टेप गुंडाळून, बोर्डाच्या कोपऱ्यात सोडून दिलेलं. टेस्टर लावला. मेलेली. मी एका मेलेल्या वायरला चिमटा लावून गेलो होतो.

मामाला फोन केला.

"अरे गाढवा," मामा म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंत्र खराब असेल. सहावा चिमटा काढ नि ये."

"मामा, बाईची बोटं मोडलीयत त्यांनी."

तो म्हणाला, "लोकांच्या घरच्या भानगडीत पडू नये."

फोन ठेवला. असल्याच माणसांच्या हाताखाली वाढलोय मी.

चिमट्यावर बॅटरी मारली. बाणाचं तोंड बरोबर खोलीकडे होतं. चिमटा उलटा नव्हताच. मी मोबाईलमधली टिक काढली आणि आठवडाभराचा आलेख उघडला. सात दिवस, सात खड्डे. उणे हजार चाळीस. उणे हजार चाळीस. म्हणजे वीज त्या खोलीत जात नव्हती. त्या खोलीतून येत होती.

"ही वायर जाते कुठे?"

वहिनींनी पॅसेजच्या टोकाचं दार दाखवलं. मागची खोली. रिकामी, खिडकी खिळे मारून बंद, फरशीवर चुन्याची पांढरी धूळ. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर प्लास्टरचा एक चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा नवा. प्लगपॉइंट बुजवला होता.

"इथे सासूबाई इस्त्री करायच्या," वहिनी उंबऱ्यातूनच बोलल्या. आत पाय टाकला नाही. "दुपारी, सासरे उठायच्या आत. कपड्याला एक चुणी राहिली तर..." मग म्हणाल्या, "शेवटच्या आजारात त्यांचं अंग मी पुसायचे. पाठीवर त्रिकोण होते दादा. जुने, नवे, एकावर एक. मी विचारलं तर म्हणाल्या, गरम असताना ओल्या पाठीवर ठेवलं की चर्र आवाज येतो बघ, तो यांना आवडतो."

मी भिंतीला हात लावला. थंडगार होती. मग परत जाऊन मेन स्विचच खाली पाडला. सगळ्या घराची वीज गेली. फ्रिजची घरघर थांबली, पंखे मंदावत थांबले. पॅसेजमध्ये काळोख असा दाटला की वहिनींचा नुसता श्वास ऐकू येत होता. यंत्राला स्वतःची छोटी बॅटरी असते, घरातल्या मोबाईलवर ते आकडा पाठवत राहतं. आता सहाही ठिकाणी शून्य. म्हटलं, येऊ दे सव्वातीन. म्हाताऱ्याला हा शून्य दाखवायचा, चिमटा काढायचा, विषय संपला.

पंखा बंद झाला म्हणून तो उठलाच. चपला फरफटत आला. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात फूटपट्टी.

"पंखा कुणी बंद केला?"

"मी. सर, बघा, मेन बंद आहे. तुमची सहा नंबरची वायर कापलेली आहे. तिच्यात वीज येऊच शकत नाही. यंत्र बसवताना माझी चूक झाली. यांचा काही संबंध नाही."

"चूक झाली?"

"हो."

"हात पुढे कर."

आणि मी केला. तुला हसू येईल. एकवीस वर्षांचा घोडा मी, कॉलेजातल्या सरांच्या टेबलावर वही फाडून बाहेर पडलेला. पण त्या आवाजाला माझा हात आपोआप पुढे गेला. इतकं आत घालून ठेवतात ते. फूटपट्टीची धार बोटांच्या पेरांवर उतरली आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं.

तेवढ्यात त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मोबाईलचा. तो आकड्याकडे बघत होता. मी माझा बघितला.

उणे हजार चाळीस.

"मेन बंद आहे ना?" तो हळूच म्हणाला. मग ओरडला, "मेन बंद आहे तरी? बॅटरीवर चालवतेयस? भवाने, दाखव कुठेय ती!"

त्याने वहिनींची बांधलेली बोटंच पकडली. पट्टी तडकल्याचा आवाज आला, आत काहीतरी आणखी तडकल्याचाही. त्यांना तसंच ओढत तो मागच्या खोलीकडे निघाला. मी त्याच्या कॉलरला हात घातला. त्याने फूटपट्टीचं टोक मागे न बघता माझ्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. खारट रक्त तोंडात भरलं. पण त्या झटापटीत वहिनी सुटल्या. तो एकटाच धडपडत खोलीत गेला आणि दार लागलं.

कुणी लावलं, विचारू नकोस. मी चार हात लांब होतो. वहिनी जमिनीवर होत्या.

आधी वास आला. कापड करपल्याचा, इस्त्री एका जागी विसरली की येतो ना, तो. मग आतून त्याचा आवाज, पण हेडसरचा नव्हे. बारीक, चिरकलेला.

"अगं... तू... इथे कशी..."

मग तो आवाज. चर्र.

तो किंचाळला. माणूस असा किंचाळतो हे मला माहीत नव्हतं. दारावर आतून धडका बसल्या, एक, दोन. नखं लाकडावरून खाली ओढल्यासारखी. पुन्हा चर्र. "नको... चुकलं माझं... ऐक ना..." चर्र. आता वास कापडाचा राहिला नव्हता. केस जळल्याचा होता, आणि त्याखाली दुसरा एक गोडसर वास, तो तुला सांगत नाही. अजून घशाशी येतो.

मी दाराकडे झेपावलो. आणि वहिनी मधे आल्या. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, पाय फरशीत रोवून. मोडका हात छातीशी. धडका त्यांच्या पाठीत बसत होत्या आणि त्या हलत नव्हत्या.

"वहिनी, बाजूला व्हा."

"किती झाली मिनिटं?" त्यांनी विचारलं.

मी मोबाईल बघितला. "दोन."

"चार होतात," त्या म्हणाल्या.

त्यांना ढकलून दार उघडणं मला जड नव्हतं. अंगाने काडीएवढ्या होत्या. मी ढकललं नाही. उगाच साव कशाला होऊ? मी तिथे उभा राहून आकडा बघत राहिलो, आतून येणारा प्रत्येक आवाज ऐकत. धडका हळू झाल्या. मग नुसतं कण्हणं. मग तेही नाही. चौथ्या मिनिटाला आकडा शून्यावर आला.

तो पालथा पडला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, काही नव्हतं. शर्टाला कुठे डागसुद्धा नव्हता. डॉक्टर आला, त्याने पाठीवरचा शर्ट वर केला. बराच वेळ बघितलं. मग शर्ट खाली केला, नीट खोचला आणि कागदावर 'हृदय बंद पडून' असं लिहिलं. तोही मोठा माणूसच. मुलाने बापाची पाठ बघितली का, ते मला माहीत नाही.

मी यंत्र काढून आणलं. वाटलं, वहिनी सुटल्या.

बारा दिवसांनी पुन्हा त्यांचाच फोन. "दादा, यंत्र घेऊन या. एकच चिमटा लावायचाय."

उजव्या हाताला आता कोपरापर्यंत प्लास्टर होतं. डाव्या डोळ्याखाली ताजं काळंनिळं. बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं, आत नवरा बनियनवर पालथा झोपला होता. खुर्ची आता त्याला मिळाली होती, फूटपट्टीही मिळाली असणार.

"बेडरूमच्या वायरला लावा," वहिनी कुजबुजल्या.

"वहिनी, त्याने काय होणार? यंत्र नुसतं मोजतं. ते काही करत नाही."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "मला फक्त कळायला पाहिजे, कधी ते."

मी पिशवीतून चिमटा काढला. यंत्र चालू केलं. बोर्डाचं झाकण अजून लागलेलंच होतं. चिमटा माझ्या तळहातावर उघडा पडला होता, त्याच्या जबड्यात वायर नव्हती, काहीच नव्हतं, नुसती हवा. आणि मोबाईलवर आकडा चढायला लागला.

उणे दोनशे. उणे सहाशे. उणे हजार चाळीस.

बेडरूममधून झोपाळलेला आवाज आला. "अगं... कसला वास येतोय?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हाताने त्यांनी बेडरूमचं दार हलकेच ओढून घेतलं, वळून त्याला पाठ लावली आणि पाय फरशीत रोवले.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पडून राहा."