गव्हाणीतली बेडकी

"बाबांनी फांदी विकली म्हणे!" अनाहीनं शेवाळाची टोपली चर्चच्या फरशीवर आदळली. "बारा वाजता पाणी समितीची बैठक आहे. राखणदार बदलणार आहेत."

झऱ्यावरच्या जुन्या झाडाची भलीमोठी फांदी कुणीतरी तोडली होती. झऱ्याच्या त्या रानात कोयता न्यायची परवानगी फक्त राखणदाराला, म्हणजे तिच्या बाबांना, ओल्मेदोंना. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार? नाताळच्या सुट्टीत अनाही आणि तिचा मावसभाऊ फाउस्तो सेगुंदोकाकांना येशूजन्माचा देखावा मांडायला मदत करत होते, पण आज तिचं लक्ष कशातच नव्हतं.

इतक्यात मेंढपाळांच्या पुतळ्यांमागून आवाज आला. टॉक.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बेडकाचा हा आवाज त्यांनी आजवर फक्त झऱ्यावरच्या झाडांच्या उंच शेंड्यांतून ऐकला होता.

ही हिरवळ कुठली, असं फाउस्तोनं विचारलं तेव्हा काका घाईघाईनं म्हणाले, सगळी, फांदीसुद्धा, ओतावालोच्या बाजारातून आणलीय. यंदा पालमिरा गावच्या देखाव्यावर मात करायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता. बोलताना मात्र ते सारखा घाम पुसत होते. अनाहीच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं दिव्यांच्या माळा बाजूला सारल्या आणि गव्हाणीमागच्या फांदीवर वाढलेली रोपं एकेक उलगडून पाहिली. ओरडणारा नर कुठे दडला होता कोण जाणे, पण पानांच्या बेचक्यात एक बेडकी सापडली. पाठ ही एवढी फुगलेली.

"गळवं झालीत हिला," फाउस्तो मागे सरकला.

"गळवं नाहीत रे. पाठीवर पिशवी असते हिच्या. पिल्लं आहेत आत."

बेडकीची कातडी दिव्यांच्या उष्णतेनं सुकत चालली होती. तेवढ्यात समितीच्या प्रमुख एल्व्हियाबाई बैठकीसाठी सगळ्यांना बोलवायला आल्या. अनाहीनं बेडकी ओल्या शेवाळात घेतली आणि त्यांच्यादेखतच अगदी साळसूदपणे विचारलं, "काका, ही बाजारातली ना? मग दुपारच्या बसनं बाजारात सोडून येऊ?"

काकांनी त्या फुगलेल्या पाठीकडे पाहिलं. आतलं काहीतरी हललं.

"बाजारात कुठे, मरेल ती!" ते कळवळून म्हणाले. "झऱ्यावर ने, तिच्या त्या जुन्या झाडा..."

काकांनी जीभ चावली. एल्व्हियाबाईंनी बैठकीला चला म्हणून दाराकडे बोट दाखवलं.

बैठकीत काकांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं. फांदी रोपांसकट आणि बेडकीसकट परत नेऊन झाडाला बांधायची, असं ठरलं. "पोरांनी जे पाहिलं ते आम्हा मोठ्यांना दिसलं नाही," एल्व्हियाबाई म्हणाल्या. "शाब्बास! आणि ओल्मेदो, आमचं चुकलं."

बैठक संपल्यावर चर्चमध्ये काका एकटेच ती जड फांदी उचलायला झटत होते. बाबा पुढे झाले आणि त्यांनी फांदीचं दुसरं टोक आपल्या खांद्यावर घेतलं.