शेवटी पोचेल तो पहिला

पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खुणेवर, किंचित डावीकडे झुकून थांबला होता. सकाळी तिने पाहिला तेव्हा तो अर्ध्यावर होता. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर थेंब मोजायची. एवढा फरक तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. निष्कर्ष मात्र चुकला. तिला वाटलं, बाबांनीच परस्पर गाडी फिरवून आणली!

बाबा समोरच उभे होते, हातात झेंडा घेऊन. जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा होता आणि ते सावकाश शर्यतीचे पंच. शंभर पावलांचा पट्टा. गाडी बंद पडू न देता जो सगळ्यांत शेवटी पोचेल, तो जिंकला. झेंडा खाली आला. तिने क्लच अलगद सोडला.

"कोण आहे?" मागच्या सीटखालून आवाज आला.

ती किंचाळली. गाडीने बेडकासारखी उडी मारली. मागून आधी एक पेचकस वर आला, मग धुळीने माखलेले केस, मग... दातांचे डॉक्टर! सकाळपासून ती ज्यांना चुकवत होती, नेमके तेच.

"तुम्ही माझ्या गाडीत काय करताय?"

"तुमची तिकडे, झाडाखाली. ही माझी."

तिने पाहिलं. तोच सायीचा रंग, तेच गोल दिवे. "पण माझी किल्ली लागली हिला!"

"चाळीस वर्षांची कुलुपं. झिजून इतकी उदार झालीत, की चमच्यानेही उघडतील. मी खिडकीचा स्क्रू शोधत होतो. अहो, ब्रेक नको, बंद पडेल!"

"मी उतरते."

"आणि मला हरवता? चालवा आता. हळू... अजून हळू. हळूपणात तुमचा हात कोण धरणार म्हणा! एक साधा प्रश्न विचारून अकरा महिने झाले."

तिचे कान तापले. "लग्न हा साधा प्रश्न नसतो."

"दोनच तर उत्तरं. माझे पेशंट तोंडात आरसा असतानाही याहून लवकर बोलतात."

तिला हसू फुटलं, पाय घसरला, गाडी पुन्हा उडाली. शेजारच्या लाल गाडीत क्लबचे अध्यक्ष दचकले आणि त्यांचा हात हॉर्नवर पडला. हॉर्न अडकला तो अडकलाच. अध्यक्ष गाडीसकट बोंबलत पुढे निघून गेले.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकले. आवाजातली थट्टा ओसरली होती. "एका लांबच्या रुग्णालयाने नोकरीला बोलावलंय, त्यांना उद्या कळवायचंय. जातो म्हणालो, तर हे दर महिन्याला मेळाव्यात भेटणंही संपेल. घाई करत नाही... फक्त सांगितलं."

"घरी बाबा एकटे पडतील," ती पुटपुटली.

बाबा झेंडा घेऊन गाडीबरोबर चालतच होते. त्यांनी खिडकीत डोकं घातलं. "माझ्या नावावर ढकलू नकोस हं! मी दोन वेळा जेवतो, वेळेवर झोपतो, लोकांच्या गाड्या बाद करतो. आणि अगं, ही आपली गाडी नव्हे!"

"माहितेय, बाबा!"

"मग बसलीस कशाला? बरं, राहू दे. बस."

शेवटची रेघ सहा पावलांवर आली. बाकी सगळे पुढे गेलेले. ती जिंकत होती. तिने आरशात पाहिलं. डॉक्टर श्वास रोखून बसले होते, नाकावर ग्रीस, डोळे रेघेवर नाही – तिच्यावर. अकरा महिने तिने याच नजरेचे पुरावे जमवले होते आणि अजून एक हवा, अजून एक हवा, म्हणत बसली होती.

तिने ब्रेक दाबला. गाडीने उचकी दिली आणि ती बंद पडली.

"बाद!" बाबा ओरडले.

"अहो, जिंकत होतो आपण!"

ती मागे वळली. "उद्या त्यांना नाही म्हणून कळव."

"काय?" डॉक्टरांनी कानामागे हात धरला. पलीकडे हॉर्न ठणाणा करतच होता. "कळव? मला तुम्ही... मला तू म्हणालात?"

"म्हणाले!" आयुष्यात पहिल्यांदाच ती भर मैदानात घसा ताणून ओरडली, "मला तुझ्याशी लग्न करायचंय!"